बाळकुम ते कल्याण, भरतीच्या पाण्यावर

ठाण्याहून कल्याणला पोचायला मला सव्वा दिवस लागला. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या कुणाला यात नवल वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते, आम्ही रस्त्याने गेलो नव्हतो. पाण्यातून गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. वय त्र्याहत्तर. जन्म, शाळा, लग्न, टपाल खात्यातली नोकरी आणि निवृत्ती, सगळं कल्याणात. चार वर्षांपूर्वी अण्णा, म्हणजे माझे सासरे, गेले आणि आम्ही सासूबाईंना कल्याणच्या पारनाक्यावरून उचलून घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर आणलं. 'उचलून' हा शब्द त्यांचा. आमच्या बाल्कनीतून लांबवर खाडी दिसते. आल्या त्या दिवशी त्या पाण्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हे पाणी आमच्याकडूनच येतं."

सासूबाईंचं म्हणणं, ठाणं वाईट नाही, पण नवीन आहे. ठाणं हजार वर्षांपूर्वी शिलाहारांची राजधानी होतं, पण त्यांच्या हिशेबात हजार वर्षं म्हणजे गेल्या दिवाळीची गोष्ट. कल्याण त्याच्याही हजार वर्षं आधी बंदर होतं. माझं माहेर डोंबिवलीचं. त्यावर त्यांचं मत असं की, "तुमचं बरं आहे गं, तुम्हाला इतिहासच नाही. पाठांतराचा त्रास नाही."

त्यांचा लाडका साक्षीदार म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रीक बोलणारा दर्यावर्दी. त्याने आपल्या किनाऱ्यावरची बंदरं लिहून ठेवली, त्यात कल्याण आहे. तो असंही लिहितो की कल्याणला आलेलं परदेशी जहाज पहारा बसवून सरळ भडोचला नेतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "म्हणजे गाड्या उचलून नेण्याची पद्धत तेव्हापासूनची." सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

तर, जानेवारीतल्या एका रविवारी कल्याणच्या एका जुन्या वाचनालयाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय अर्थातच कल्याण बंदर. व्याख्यानाचा कळस म्हणजे अण्णांचा शोध. अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सायकलवरून खाडीकाठी भटकायचे. लग्न झालं त्या वर्षी त्यांना पलीकडच्या काठावर, भिवंडीच्या बाजूला, एका गावाखाली दगडी पायऱ्यांचा धक्का सापडला होता. हा धक्का सातवाहनांच्या काळातला, ही गोष्ट सासूबाई गेली चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आल्यात. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या घरात जेवले तेव्हा वरणभाताबरोबर मलाही सांगितली होती.

"व्यापारी जसे आले तशी मी कल्याणला जाणार," सासूबाईंनी जाहीर केलं. "पाण्याने. वाटेत धक्क्याचा फोटो काढायचा, आणि दुर्गाडी किल्ल्याखाली उतरायचं."

माझ्या नवऱ्याला त्याच आठवड्यात बंगळुरूचं काम निघालं. काम खरं होतं, असं तो अजूनही म्हणतो.

बाळकुम, शनिवार सकाळ

होडी मिळाली बाळकुमच्या जनूदादाची. जनूदादाच्या शेतावर आता अठ्ठावीस मजले उभे आहेत, त्यातले दोन फ्लॅट त्याचे. गळ्यात जाड साखळी, पायात स्पोर्ट्सचे बूट. तो धक्क्यावर आला तोच मोठ्या पांढऱ्या गाडीतून. मागचं दार उघडून त्याने होडीचं इंजिन काढलं आणि तान्ह्या पोरासारखं खांद्यावर घेतलं.

"मासेमारी आता कुठं राहिली, ताई," तो मला म्हणाला. "पन शनवारी पान्यात नाय गेलो तर घरात भांडन करतो मी. बायकोच बोलते, जा."

सासूबाई काठापदराची साडी, पायमोजे आणि केशरी लाइफ जॅकेट घालून होडीच्या मधल्या फळीवर बसल्या. मांडीवर वही. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि उलटीच्या गोळ्या. गोळ्या माझ्यासाठी होत्या.

जनूदादाचं गणित सोपं होतं. भरतीचं पाणी सकाळी आत चढतं, त्याच्या पाठीवर बसून दहापर्यंत कल्याण गाठायचं. "भरती आपल्याला ढकलते, फुकटात," तो म्हणाला. सासूबाईंनी लगेच वहीत लिहिलं: भरतीच्या वेळा, जहाजांचं येणं.

काशेळीचा पूल खालून गेला. वर ट्रक एकामागे एक उभे, आणि आम्ही त्यांच्याखालून सुळकन निघालो तेव्हा मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला शोभणारा नव्हता. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, मध्येच एखादा बगळा, मध्येच कुणाच्या तरी सोफ्याची गादी. डावीकडे भिवंडीची गोदामं, उजवीकडे पारसिकचा डोंगर हळूहळू वळत होता. वाशिंद-शहापूरचे डोंगर लांब धुक्यात. ठाण्यात इतकी वर्षं काढून मी पारसिकचा डोंगर या बाजूने कधी पाहिलाच नव्हता.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "इथून गेले असतील. कापड, तांब्याची भांडी, सागवान. आणि कल्याणचे व्यापारी काही नुसते पैसेवाले नव्हते हो. कान्हेरीच्या लेण्यांना त्यांनी दान दिलंय, नावं कोरलीयत तिथल्या भिंतींवर."

"आणि ठाण्याच्या व्यापाऱ्यांनी?"

"ते तेव्हा जन्मायचे होते."

जलपर्णी

खारेगावचा मोठा पूल मागे पडला आणि इंजिन खोकायला लागलं. समोर पाणी नव्हतंच, हिरवं शेत होतं. नदीकडून वाहत आलेली जलपर्णी, काठापासून काठापर्यंत. जनूदादाने इंजिन वर उचललं तेव्हा पंख्याला तिच्या मुळ्या अशा गुंडाळल्या होत्या की जणू कुणी सबंध वेणी घातलीय.

मग दीड तास आम्ही त्या मुळ्या कापत, वल्ही मारत, परत अडकत, परत कापत गेलो. मी सुरीने कापत होते, जनूदादा वल्हवत होता आणि सासूबाई आम्हाला धीर देत होत्या. त्यांच्या धीराचा नमुना: "सातवाहनांच्या काळात हे नव्हतं."

हिरवळीतून बाहेर पडलो तेव्हा उजव्या हाताला माझं माहेर आलं. डोंबिवली मी स्टेशनच्या बाजूनेच ओळखते. पाण्यातून ती पाठमोरी दिसते, मोठागावच्या काठाला टेकलेली, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरींची. मला उगाच भरून आलं. मी हात हलवला. काठावर गळ टाकून बसलेल्या एका माणसाने सभ्यपणे उलट हात हलवला.

तोवर भरती संपली होती. आम्हाला ढकलणारं पाणी आता आमच्या अंगावर येऊ लागलं. साडेअकराच्या सुमाराला होडीच्या तळाने 'खर्रर्र' केलं आणि आम्ही गाळात बसलो.

"झालं," जनूदादा म्हणाला. "रातची भरती अंधारात, आता उद्या सकालचीच. पन टेन्शन नाय. समोर माझ्या मावशीचं गाव."

सासूबाई मात्र काठाकडे बघत होत्या. उठून उभ्याच राहिल्या, होडी हलली, मी किंचाळले.

"मुग्धा! अगं, हाच! हाच आपला धक्का!"

तिवरांच्या मधून आठ-दहा काळ्या दगडी पायऱ्या गाळात उतरल्या होत्या. तिथवर जायला वीसेक पावलं चिखल होता. जनूदादाने होडीतल्या फळ्या टाकल्या. तिसऱ्या फळीवरून पाय घसरला तशी सासूबाईंची डावी चप्पल गाळाने ओढून घेतली आणि परत दिली नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. चिखलाने भरलेला पायमोजा त्यांनी पहिल्या पायरीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"दोन हजार वर्षं," त्या म्हणाल्या.

जनूदादा मागून फळ्या गोळा करत येत होता. "कशाला दोन हजार वर्षं, काकू?"

"या धक्क्याला. सातवाहनांचा आहे हा."

"यो?" जनूदादा मनापासून हसला. "ओ काकू, यो तर माझ्या आज्यानं बांधलाय. आयचा बापूस. पदू त्याचं नाव. गवताचा धक्का बोलतात याला. तुम्ही प्राचीन धक्का बोलत होता, मला वाटलं तो कल्यानला असंल कुठंतरी."

मावशीचं घर

सोनूबाय, म्हणजे जनूदादाची मावशी, गावातच दिलेली, त्यामुळे धक्क्यापासून तिचं घर तीन मिनिटांवर. ऐंशीची असेल. तिच्या बोलीत शब्दाच्या मधल्या 'ड'चा आणि 'ढ'चा 'र' होतो, म्हणजे गडी 'गरी' आणि होडी 'होरी'. घर दुमजली, टाइल्सचं, पण मागच्या अंगणात चूल होती आणि भाकऱ्या तिथेच चालल्या होत्या. आमच्या चिखलाच्या पायांवर तिने स्वतः बादलीने पाणी ओतलं. सासूबाई अजून धक्क्याच्या दिशेनेच बघत होत्या.

"जेवा आदी," सोनूबाय म्हणाली. "बोलनं काय, नंतर पन होतं."

तांदळाच्या मऊ भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं. आमच्याकडे वाल मोड काढून, सोलून करतात, आणि सोलण्यात अख्खी दुपार जाते. सोनूबायचे सालासकट होते. एरवी सासूबाईंनी यावर दहा मिनिटं भाष्य केलं असतं. आज त्यांनी दोन घास घेतले आणि एकदम विचारलं, "तुमच्या वडिलांनीच बसवले ते दगड? नक्की?"

"मंग? मी बारकी व्हतू. बापूस न चार गरी. डोंगरावरशी दगर आनलं गारीन घालून. गवताचं भारं डोक्यावं घेवाचं, त्या पायऱ्या उतराच्या न होरीन टाकाचं. मुंबयच्या तबेल्यान जावाचं ते गवत. मी लगीन झाल्यावं पन भारं वायलंय." तिने मान थोडी वाकवून डोक्याचा मधला भाग दाखवला. तिथे केस विरळ होते. "यो बग. गवतानं खाल्लं."

सासूबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. मग चाचरत म्हणाल्या, "आमचे हे यायचे इथे. शाळेत मास्तर होते. त्यांनी कधी कुणाला विचारलं नसेल."

"चष्मेवाला? सायकलवाला?" सोनूबायचा चेहरा उजळला. "तो मास्तर तुजा घो व्हता? अगो, तो तं येवाचा ना! बापसाचा चित्र पन कारला व्हता त्यानं. त्याला बापूस बोलला, मास्तर, ये मीच बसवलंन. तो हसाला लागला. हसून हसून डोल्यान पानी."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"न मंग बोलला," सोनूबाय आठवून सांगत होती, "बाबा, माजे बायकोला सांगू नको. तिनं वहीन लिवलंय."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, सोनूबायला नमस्कार केला आणि अनवाणीच धक्क्याकडे चालू लागल्या.

मी जरा वेळाने गेले. त्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या होत्या. पाणी पार खाली गेलं होतं आणि आमची होडी गाळात एका कुशीवर पडली होती.

"लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला सायकलवर डबलसीट घेऊन आले होते इथे," त्या म्हणाल्या. "म्हणाले, 'सातवाहनांचा असावा.' असावा म्हणाले हो. आहे असं नाही म्हणाले. मी घरी जाऊन लिहिलं, आहे."

"आई, त्यांनी मुद्दाम..."

"दर पाडव्याला यायचो. मी बोलत असायची. हे शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायचे. एकदा खोडलं नाही. एकदाही नाही."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल."

"मी चुकले याचं काही नाही गं. मी टपालात होते, चुका कशा सुधारायच्या ते मला कळतं. मी एकटीच चुकले, याचं आहे."

मी माझ्या परीने व्यवहार सांगितला. उद्या व्याख्यानात हा भाग गाळून टाका, कोण विचारतंय?

"गाळून काय उरतं?" त्या म्हणाल्या. "बाकी सगळं पुस्तकातलं आहे. आमचं म्हणून एवढंच होतं."

संध्याकाळी त्या माझ्या हाताला धरून परत आल्या आणि न जेवता झोपल्या. मी बराच वेळ ठरवत होते की सकाळी वाचनालयाला काय कारण सांगायचं. ताप बरा, की पोट?

कल्याण, रविवार

सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं. मागच्या अंगणात चुलीपुढे दोन म्हाताऱ्या पाटांवर बसल्या होत्या आणि सासूबाईंची वही उघडी होती.

"एका भाऱ्यात किती पेंढ्या?"

"ते माप कुठं व्हतं? मानेला पेलल तेवरा भारा."

"आणि बायका किती असायच्या?"

"सगल्या. घरान कोन रावाचं?"

"आणि होड्या कल्याणाहून यायच्या की ठाण्याहून?"

"कल्यानच्या मोठ्या. ठान्याच्या बारक्या."

सासूबाईंनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली आणि हे ठळक अक्षरांत लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला. माणूस दुरुस्त होऊ लागला होता.

भरती चढली तशी होडी आपोआप सरळ झाली. निघताना सोनूबायनेच पदर खोचला आणि होडीत पाय टाकला. "मी पन येतंय. गवत मुंबयला जावाचं, मी मातर त्या पायरीवंच उबी रावाची. बगू तरी फुरं काय हाय." तिने सासूबाईंना आपल्या सुनेच्या रबरी चपला दिल्या होत्या, गुलाबी, वर फुलपाखरं.

तो शेवटचा तास मी विसरणार नाही. पाणी काठोकाठ, इंजिनाचा एकसुरी आवाज, आणि समोर दोघींची न थांबणारी बोलणी. वळण घेतलं आणि दुर्गाडी दिसली. खाडीकाठच्या उंचवट्यावर किल्ला, त्याच्या पायथ्याशी पूल. महाराजांनी इथे जहाजं बांधायला घेतली, हे आम्ही शाळेत एका ओळीत शिकलो होतो. पाण्यातून बघितल्यावर ती एक ओळ पुरेना. इथून येणारा प्रत्येक माणूस त्या उंचवट्याच्या नजरेखालूनच येणार, हे खालून बघितलं की न सांगता कळतं. सासूबाई उभ्या राहिल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत राहिल्या.

घाटावर एकजण रिक्षा धूत होता. त्याने हात देऊन सासूबाईंना उतरवलं, त्यांचं लाइफ जॅकेट आणि फुलपाखरं बघितली.

"कुठून आलात, आजी?"

"ठाण्याहून," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "पाण्याने."

त्याने गंभीरपणे विचारलं, "का, आज लोकलचा मेगाब्लॉक आहे?"

दोन हजार वर्षं जुन्या बंदरात आमचं झालेलं स्वागत ते एवढंच. पण त्याने आम्हाला पारनाक्यापर्यंत सोडलं, आणि सासूबाईंनी वाटेत त्याला त्या ग्रीक माणसाची गोष्ट सांगितली. उतरताना तो म्हणाला, "आजी, त्या जहाजवाल्यांची परमिटं नसतील." सासूबाईंना हे पटलं. मी म्हटलं असतं तर पटलं नसतं.

व्याख्यान पाचला होतं. वाचनालयाचा हॉल छोटा, पंखे जुने, खुर्च्या चाळीसेक. पहिल्या रांगेत अण्णांचे चार मित्र बसले होते: दोघे निवृत्त मास्तर, एक छापखानेवाले आणि त्या सगळ्यांत थोरले विनायककाका, कानाला यंत्र लावलेले. हे चौघे आणि अण्णा मिळून दर रविवारी फिरायला जायचे. त्यांच्या शेजारी सोनूबाय, खुर्चीवर पाय वर घेऊन.

सासूबाई माइकपुढे उभ्या राहिल्या. वही उघडली, बंद केली.

"माझा नवरा चाळीस वर्षं माझ्याशी खोटं बोलला," त्या म्हणाल्या.

मागच्या रांगेतले मोबाइल खाली गेले. मी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सायकल, पायऱ्या, 'असावा' आणि 'आहे'. काल दुपारी काय कळलं तेही. कुठे रडल्या नाहीत, कुठे सावरासावर केली नाही. म्हणाल्या, "कान्हेरीला दान दिलेल्यांची नावं दगडावर आहेत. ती मला पाठ आहेत. पण ज्यांनी माल डोक्यावरून होडीत नेला, त्यांची नावं कुणी कोरली नाहीत, तेव्हाही नाही आणि काल-परवाही नाही. चाळीस वर्षं मी एका माणसाच्या कामावर बसून दुसऱ्याचं नाव घेत होते. त्या माणसाचं नाव पदू. ही त्यांची मुलगी." सोनूबायने बसूनच हात वर केला, मतदान केल्यासारखा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"तेव्हा तो धक्का सातवाहनांचा नाही," सासूबाई पुढे म्हणाल्या. "माझं आधीचं सगळं सांगणं मी मागे घेते. एवढीच खंत आहे की यांना ठाऊक होतं, आणि माझ्या हातून इतकी वर्षं चुकीचं सांगितलं गेलं. तुम्हा सगळ्यांना."

सासूबाई पाण्याचा ग्लास शोधू लागल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेत विनायककाका काठीवर जोर देऊन उठले.

"वहिनी," ते म्हणाले, आणि कानाच्या यंत्रामुळे जरा मोठ्यानेच म्हणाले, "आम्हालाही ठाऊक होतं."

"त्याला कळलं त्याच रविवारी त्याने आम्हाला सांगितलं होतं," विनायककाका म्हणाले. "आणि शपथ घातली होती." त्यांच्या शेजारचे छापखानेवालेही उठून उभे राहिले. मग दोघे मास्तर. चार म्हातारे, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे, माना खाली घालून.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. एकेकाकडे, नीट वेळ घेऊन. कितीतरी संध्याकाळी या चौघांना चहा आणि पोहे देऊन त्यांनी तीच गोष्ट ऐकवली असणार, आणि चौघांनी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली असणार. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना मला दिसलं. रडतात की हसतात हे मला कळेना, बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

"बसा खाली," त्या म्हणाल्या.

चौघेही बसले. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला, वही उघडली आणि गवताच्या होड्यांचं पान काढलं.